दुःखाला वारस लागतो

दर वर्षी मार्च महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे नाव वर्तमानपत्रांत छापून येते. तारीख ठरलेली असते, १९ मार्च. १९८६ साली याच तारखेला या गावचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी मालती आणि त्यांची चार मुले यांनी वर्धा जिल्ह्यात, पवनारजवळच्या दत्तपूर येथे एकाच वेळी आपले आयुष्य संपवले. साहेबराव कुणी हातावर पोट असलेले नव्हते. गावचे सरपंचपद त्यांनी भूषवले होते, संगीताची त्यांना आवड होती. थकलेले वीजबिल, तोडलेली वीज आणि डोळ्यांदेखत वाळलेले पीक ही कारणे तेव्हापासून सांगितली जातात. महाराष्ट्रातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेचा उल्लेख होतो. २०१७ पासून अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन यांच्या हाकेवरून १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक आणि परगावी असलेली शेतकऱ्यांची मुलेही एक दिवस अन्नत्याग करतात.

‘पहिली’ हा शब्द तपासायला गेलो तर टिकत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वेगळी मोजणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने सुरू केली ती १९९५ पासून. त्याआधीचा हिशेबच नाही. कर्जापायी शेतकरी मोडून पडणे १९८६ ला सुरू झाले असेही नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली, ती त्याच फासाच्या भीतीने. तेव्हा चिलगव्हाणची घटना काळाच्या हिशेबाने पहिली असेल-नसेल, आठवणीच्या हिशेबाने मात्र नक्की पहिली आहे. तिच्या आधीचे आणि नंतरचे हजारो मृत्यू तारखेवाचून गेले. मग याच एका घटनेला तारीख कशी मिळाली? आणि एकूणच, काही शोकांतिका समाजाच्या मनात ठाण मांडून का बसतात आणि काही, तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या, पुसून का जातात?

सर्वांत सोपे उत्तर संख्येचे. जितके जास्त लोक गेले तितकी आठवण मोठी. हे उत्तर पहिल्याच पायरीवर कोसळते. १९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरातून आत शिरला आणि शरद ऋतूत त्याने देशभर कापणी केली. भारतातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. सर्वाधिक मार बसलेल्या प्रांतांत मुंबई इलाखा होता आणि मध्यप्रांत-वऱ्हाडही होता, म्हणजे आपला यवतमाळ जिल्हा. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. असे त्यानंतर कधीच झालेले नाही. काही भागांत लोकांनी या साथीला मानमोडी असे नाव दिले होते, पण आज तिचा स्तंभ नाही, स्मृतिदिन नाही आणि शाळेच्या पुस्तकातही तिला जेमतेम जागा आहे. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा कुठे पत्रकारांनी ती उकरून काढली. आणि कोविडचे तरी काय? सरकारी नोंदीप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली. गावातल्या चौकात त्यांच्या नावाचा एक दगड कुणी बसवल्याचे पाहिले आहे का?

याच्या शेजारी १८९७ ची पुण्याची प्लेगची साथ ठेवून पाहा. ती मराठी मनात घट्ट बसली आहे. पण आठवतो तो प्लेग नव्हे. आठवतो रँड, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत झालेला गोळीबार, चाफेकर बंधूंचे फाशी जाणे आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, तेही आठवते. म्हणजे त्या साथीत खलनायक होता, वीर होते आणि करुणेची मूर्तीही होती. १९१८ च्या साथीत यांतले काहीच नव्हते. ज्या दुःखात कुणावर बोट ठेवता येत नाही आणि कुणाचा जयजयकार करता येत नाही, त्याची गोष्ट होत नाही. गोष्ट झाली नाही की आजी नातवाला सांगणार काय?

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्ये असे दाखवून दिले की डोळ्यांसमोरच्या एका आजारी मुलीसाठी लोक खिसा मोकळा करतात, पण आकडेवारीतल्या अनेक जिवांसाठी करत नाहीत. पुढे पॉल स्लोविक यांच्या प्रयोगांनी हेच अधिक पक्के केले: एका चेहऱ्यासाठी पाझरणारे मन संख्या वाढत गेली की बधिर होत जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पडलेल्या आयलान कुर्दी या चिमुकल्याच्या छायाचित्राने जे केले ते सीरियातल्या लाखो मृत्यूंच्या आकड्यांना जमले नव्हते.

यवतमाळ जिल्ह्याला हा धडा कुणी प्रयोगशाळेतून शिकवायला नको. जुलै २००८ मध्ये विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधींनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावती बांदूरकर यांचे नाव घेतले आणि एका रात्रीत त्या देशाला ठाऊक झाल्या. कॅमेरे आले, मदत आली, पुढे निवडणुकीच्या काळात पुन्हा पुन्हा त्यांची आठवण निघाली. मार्च २०१४ मध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली आणि दाभडीही देशाच्या नकाशावर आली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्यावर त्या जागी वैशाली येडे उभ्या राहिल्या. त्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी, आणि अशा स्त्रियांनीच उभ्या केलेल्या ‘तेरवं’ या नाटकातल्या कलावंत. त्यांच्या भाषणाने मांडव गहिवरला. हे सगळे चांगलेच झाले. पण माझी शंका अशी की एक चेहरा पुढे आला की त्याच्या मागे उभ्या असलेल्या शंभर चेहऱ्यांवर सावली पडते. कलावतींना भेटून आलेला पुढारी समजतो की तो विदर्भाला भेटून आला.

तरीही चेहऱ्याने सगळा उलगडा होत नाही. अचानकपणा ही दुसरी मोठी गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या झोपेत, किल्लारी आणि आसपासची गावे मातीखाली गेली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात. त्या सकाळी आपण कुठे होतो हे चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस आजही सांगतो. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा आकडा घ्या. शेतीक्षेत्रातल्या आत्महत्या देशात ११,२९०, त्यांतल्या ४,२४८ महाराष्ट्रात. दिवसाला अकरा-बारा. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांत एक किल्लारी होते. पण ती एका पहाटे होत नाही. रोज थोडी थोडी, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या गोठ्यांत आणि बांधांवर होते. अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी नोंदवले होते की लोकशाहीत वर्तमानपत्रे आणि विरोधी पक्ष दुष्काळ टाळू शकतात, कारण दुष्काळ दिसतो. रोजची अर्धपोटी उपासमार मात्र तीच लोकशाही मुकाट चालू देते. आत्महत्यांचे तसेच झाले. पहिल्या काही वर्षांत पहिल्या पानावर चौकटीत येणारी बातमी पुढे आतल्या पानावर गेली आणि आता तालुका वार्ताहराच्या चार ओळींत उरते.

अचानकपणाही पुरा पडत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेवर माणसे समुद्राने गिळली. दिवस आषाढी अमावास्येचा. गावी जायला निघालेल्या चाकरमान्यांनी बोट भरली होती. आज मराठी शाळेतल्या मुलाला टायटॅनिक हिमनगावर आदळली ते ठाऊक असते, रामदास ऐकून मात्र त्याला समर्थ आठवतात. टायटॅनिकवर कोट्यधीश होते, वाचलेल्यांनी पुस्तके लिहिली, चौकश्या झाल्या, सिनेमे निघाले. रामदासवर होते ते डबेवाल्यांसारखे, गिरणीकामगारांसारखे लोक. त्यातून महिनाभरात १५ ऑगस्ट उजाडला आणि फाळणीच्या आगडोंबात ही बातमी बुडून गेली. शोकांतिकेलाही मुहूर्त लागतो. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्याच आठवड्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि लोकांना काढायला वायुदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. जीव वाचले म्हणून असेल, पण तालुक्याबाहेर ते आज कुणाला आठवत नाही.

मृत्यूंची संख्या आणि आठवण यांचे नाते किती उलटे असू शकते हे दुष्काळांवरून फार चांगले दिसते, म्हणून तिथे थोडे थांबतो. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाची दैना केली होती. माणसे भुकेने आणि पटकीने गेली. त्याची तोंडी आठवण आज जवळजवळ नाही. उलट १९७२ चा दुष्काळ घ्या. त्यात भूकबळी त्या मानाने फारच थोडे. तरी ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की महाराष्ट्रातला कुठलाही म्हातारा बोलता होतो. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडून हाताला आलेले घट्टे, बंडिंगची कामे, पाझर तलाव, मुकादमाची हजेरी, सगळे त्याला तोंडपाठ असते. कारण तो जगला. रोजगार हमीची कल्पना त्या काळात रुजली, तिच्या मागे वि. स. पागे होते, मुख्यमंत्री होते महागावच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. जे दुष्काळ सर्वांत जास्त जीव घेतात ते आपले साक्षीदारही सोबत नेतात. ज्यांनी घरेच्या घरे संपवली त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. उरले तर ते इतके गरीब आणि विखुरलेले असतात की त्यांची गोष्ट कुणी लिहून घेत नाही.

आणि इथे पानिपत काढावेच लागते. १४ जानेवारी १७६१. अडीचशेहून अधिक वर्षांनीही ‘संक्रांत कोसळली’ आणि ‘पानिपत झाले’ हे आपले रोजचे बोलणे आहे. मराठ्यांच्या इतिहासातला हा पराभव जितका आठवतो तितके कित्येक विजयही आठवत नाहीत. याला कारणे आहेत. लहान-मोठ्या सगळ्या घराण्यांतली माणसे तिथे गेली, त्यामुळे दुःखाला घरोघर वारस मिळाले. भाऊसाहेबांची बखर लिहिली गेली, त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी या युद्धाचा कसून अभ्यास केला, १९८८ मध्ये विश्वास पाटलांची कादंबरी आली आणि नव्या पिढीने पानिपत पुन्हा वाचले. हरयाणातला रोड समाज स्वतःला त्या लढाईतून उरलेल्यांचा वंशज मानू लागला. आता तिथे दर संक्रांतीला शौर्य दिन होतो. पराभवाच्या दिवसाला शौर्याचे नाव देता येणे हेच त्या आठवणीच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण असावे. ज्या दुःखात मान ताठ ठेवता येते ते दुःख समाज डोक्यावर घेतो.

पण त्याच पानिपताची खबर देणारे सावकारी भाषेतले पत्र आठवा. त्यात दोन मोती गेल्याचे लिहिले होते, सत्तावीस मोहरा हरवल्याचे लिहिले होते आणि खुर्द्याला मात्र गणतीच नव्हती. सदाशिवराव आणि विश्वासराव हे मोती, नामांकित सरदार या मोहरा. बाकीचे हजारो शिपाई, बुणगे, यात्रेकरू, बायाबापड्या खुर्द्यात. एवढ्या मोठ्या आठवणीतसुद्धा कुणाचे नाव राहावे हे आधीच ठरलेले होते. शेतकरी हा कायमच खुर्द्यात राहिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढची गोष्ट अधिक अवघड आहे: जी आठवण समाजाला अडचणीची असते ती तो मुद्दाम झाकून ठेवतो. महागाव-उमरखेडच्या अंगाने वाहणारी पैनगंगा ही एकेकाळी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांमधली सीमा. रझाकारांच्या काळात नदीपलीकडून लोक जीव मुठीत धरून अलीकडे येत. उमरखेडच्या बाजूला लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या. तो छळ खरा होता आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबरला त्याची आठवण सरकारी इतमामाने निघते. पण पोलिस कारवाईनंतरच्या आठवड्यांत त्याच भागात मुसलमान गावकऱ्यांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत नांदेडचेही नाव घेतले. तो अहवाल कित्येक दशके बाहेरच आला नाही. नदी तीच, महिने तेच. एका दुःखाला झेंडावंदन आहे, दुसऱ्याचे नावही निघत नाही. गांधीहत्येनंतर जानेवारी-फेब्रुवारी १९४८ मध्ये महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली, त्या आठवणीचेही असेच. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली, घराघरांत कुजबुज राहिली, पण चौकात त्यावर कुणी बोलले नाही. दुःख खासगी राहिले की वारस असूनही ते बेवारशी होते.

उलट उदाहरण नागपूरचे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरे. गुरे वळणारा समाज. पुढे २००५ मध्ये मांढरदेवीच्या जत्रेत याच्या दुपटीहून अधिक माणसे तशीच चेंगरून मेली. ती आज वाईच्या बाहेर कितीजणांना आठवतात? गोवारींचे मात्र शहरात स्मारक झाले, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद हे नाव मिळाले, दर वर्षी तिथे फुले वाहिली जातात. फरक एवढाच की मांढरदेवीला गेलेले लोक एकमेकांचे कुणी नव्हते. नागपूरला गेलेले एका मागणीसाठी एकत्र आलेले होते. ती मागणी उच्च न्यायालयात जिंकली, सर्वोच्च न्यायालयात हरली, तरी तिच्यामुळे मेलेल्यांची नावे जिवंत राहिली. चालू असलेले भांडण हा आठवणीचा सर्वांत भक्कम आधार आहे.

आता चिलगव्हाणकडे परत पाहिले की त्या एका घटनेत काय काय जुळून आले ते दिसते. एक दिवस, सहा जिवांचे एक कुटुंब, नाव असलेला माणूस, विनोबांच्या पवनारच्या सावलीतले ठिकाण. तरीही तीस वर्षे तिची आठवण अधूनमधूनच निघत होती. २०१७ मध्ये कुणीतरी वारसपणाने पुढे होऊन तारीख धरली आणि तिला मागण्यांशी जोडले: कमाल जमीनधारणा कायदा, आवश्यक वस्तू कायदा आणि जमीन अधिग्रहण कायदा रद्द करा. या मागण्या सगळ्यांना पटतील असे नाही. मलाही सगळ्या पटत नाहीत. पण उपवासाची निवड मला विचारपूर्वक वाटते. आत्महत्येची आठवण काढताना ती हौतात्म्य म्हणून मिरवली जाण्याचा धोका असतो आणि कर्जात रुतलेल्या दुसऱ्या एखाद्याला त्यातून चुकीची वाट दिसू शकते. अन्नत्यागात मेलेल्याचा गौरव नाही. जिवंतांनी एक दिवस पोटाला चिमटा घेऊन त्याच्या घराची विचारपूस करणे आहे.

मात्र इतर हजारोंच्या वाट्याला जी नोंद येते ती सरकारी असते. आत्महत्या झाली की तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण. नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध झाला तर ‘पात्र’ आणि एक लाख रुपये. नाही तर ‘अपात्र’. सातबारा नवऱ्याच्या नावावर असताना बायको गेली, वडिलांच्या नावावर असताना मुलगा गेला, मक्त्या-बटईने करणारा गेला, कर्ज बिगरपरवाना सावकाराचे असले, की प्रकरण अडते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या प्रकरणाचा माग स्वित्झर्लंडपर्यंत काढला गेला, कारण तिथल्या कंपनीला जाब विचारणारे लोक तिथे होते. इथल्या अपात्र ठरलेल्यांसाठी जाब विचारणारे फारसे कुणी नाही. मोबदल्यासाठी पात्र-अपात्र ठरवणे सरकारला भाग असेल. पण तोच शेरा आठवणीलाही लागू पडतो, आणि ज्याला मदत नाकारली त्याचे मरणही जणू खोटे ठरते.

हे बदलायला स्मारक नको, मुंबईहून कुणी यायला नको. महागाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी एक साधी वही ठेवावी. घरच्यांची हरकत नसेल तिथे गावातल्या अशा प्रत्येक मृताचे नाव, वय, गेल्याची तारीख, जमीन किती आणि कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचे, मागे कोण कोण आहे, एवढे त्यात लिहावे. पात्र-अपात्रचा रकाना तेवढा नसावा. बाई असो, मजूर असो, बटईवाला असो, सगळ्यांना त्यात जागा असावी. १९ मार्चच्या आसपास ग्रामसभा घेऊन ती नावे वाचावीत आणि त्या घरांतली मुले शाळेत जातात का, शेत पडीक आहे का, हे त्याच सभेत विचारावे. याला शासन निर्णय लागत नाही. सुरुवात चिलगव्हाणने करावी.